डोक्यावरचे हात

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांच्या बोलण्यात ‘सरेंडर कोब्रा’ असा एक शब्द येतो. हातातला सामना अचानक निसटला की माणसाचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर जातात, बोटं एकमेकांत अडकतात, कोपरं दोन्ही बाजूंना फाकतात. लांबून बघितलं तर फणा काढलेला नाग, पण शरण आलेला. आपल्याकडे माणूस डोक्याला हात लावतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वागण्याला कंटाळून. इथं तसं नसतं. इथं तो आपलं डोकं जागेवर आहे का, ते धरून बघत असतो.

17 ऑक्टोबर 2015 च्या संध्याकाळी अॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये असे हजारो फणे मी एकदम उभे राहिलेले पाहिले. माझेही हात वर होते. पण ते वर जायच्या आधी माझ्या तोंडून काही शब्द गेले होते. त्या शब्दांबद्दल लिहायचं इतकी वर्षं राहून गेलं.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. फुटबॉलचं वेड मला अमेरिकेनं लावलं नाही, ते घरूनच घेऊन आलो. पायानं खेळायचा तो फुटबॉल. महाराष्ट्रभर क्रिकेटचं राज्य असताना आमच्या गावात तालमी आणि तरुण मंडळं फुटबॉलचे संघ चालवतात. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावं कोल्हापूरच्या पोराला पाढ्यांबरोबर पाठ होतात. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर खाली ओढली जायची. आणि मैदानात खेळणारा कुणी टीव्हीतला नसायचा. तो सकाळी आमच्याच नळावर दात घासताना दिसलेला असायचा.

आमच्यापासून चार घरं सोडून एक गोलकीपर राहायचा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला होता, तिन्ही शिफ्ट करायचा. मी नववीत असताना एका सेमीफायनलच्या शेवटच्या मिनिटांत त्याच्या हातातून साधा बॉल सुटला आणि मागं जाळीत गेला. गॅलरीतून जी शिवी उठली ती अख्ख्या पेठेची होती, आणि तिच्यात माझाही आवाज होता. चौदा वर्षांचं पोरगं मी, आवाज नुकता फुटलेला, मोठ्यांच्या बरोबरीनं शिवी देता आली याचा मला त्या क्षणी आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांबरोबर गंगावेशीत दूध प्यायला गेलो. तिथं म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून ग्लास हातात देतात, फेस ओठाला लागतो. तो तिथं होता. भिंतीकडे तोंड करून, पाठ सगळ्यांकडे, सावकाश पीत होता. एरवी आठ-दहा जणांचा घोळका त्याच्याभोवती असायचा, त्या दिवशी दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी. ग्लास ठेवायला वळला तेव्हा मी दिसलो. म्हणाला, “काय रे, अभ्यास झाला का?” एवढंच. मी मान हलवली. अभ्यास झाला नव्हता.

ऑगस्ट 2015 मध्ये मी मेकॅनिकलचं मास्टर्स करायला अॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात आलो. इंजिनीअरिंगचे विभाग नॉर्थ कॅम्पसवर, तिथून बसनं गावात यायचं. पहिल्या शनिवारी बस थांबली तिथूनच माणसांचा लोंढा सुरू झाला. घरांच्या पुढच्या हिरवळीवर गाड्या लावलेल्या, शेगड्यांवर मांस भाजतंय, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे पिवळ्या-निळ्यात. सगळे एकाच दिशेला चाललेले. स्टेडियम मात्र दिसेना. ते 1927 साली जमिनीत खोल बांधलंय. बाहेरून बघाल तर बैठी इमारत वाटते. दारातून आत गेलात की तुम्ही काठावर उभे आणि पायाखाली ती प्रचंड वाटी. कागदावर जागा 1,07,601. तो शेवटचा एक आकडा म्हणे फ्रिट्झ क्रायस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाची जागा. पंखांच्या नक्षीचं हेल्मेट 1938 साली त्यानंच इथं आणलं. 1975 च्या नोव्हेंबरपासून, कोविडचं वर्ष सोडलं तर, इथं घरच्या एकाही सामन्याला लाखाच्या खाली माणूस आलेला नाही. आणि हे सगळं कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला.

विद्यार्थ्यांच्या भागात कुणी बसत नाही. बाकं असतात, पण त्यांच्यावर उभं राहायचं, चारही तास. महत्त्वाचा डाव आला की खिशातून किल्ल्या काढून डोक्यावर खुळखुळवायच्या. लाख माणसांच्या किल्ल्यांचा तो आवाज पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा. टचडाऊन झाला, म्हणजे बॉल घेऊन समोरच्याची शेवटची रेषा ओलांडली, की बँड 1898 साली लुई एल्बेल नावाच्या इथल्याच विद्यार्थ्यानं बांधलेली विजयाची धून वाजवतो आणि सगळे मूठ उंचावून ‘हेल’, म्हणजे जय असो, म्हणतात. तिसऱ्या शनिवारी मला ती अख्खी पाठ होती. परदेशात आल्यावर पहिले काही महिने माणूस सतत कुणाच्या तरी परवानगीनं वावरतो. बसमध्ये, बँकेत, वर्गात. त्या वाटीत तसं वाटायचं नाही. शेजारच्याचं नाव माहीत नसताना तो मिठी मारायचा.

हा खेळ नावाला फुटबॉल. मला तो कबड्डीच्या जवळचा वाटला. दोन संघ रेषेवर समोरासमोर वाकून उभे, एका क्षणात अंगावर झेप, मग शिट्टी, मग पुन्हा मांडणी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं. तीन फसले तर चौथ्याला बहुतेक वेळा बॉल लाथेनं लांब उडवून समोरच्याला देऊन टाकायचा, म्हणजे तो आपल्या दारापासून दूर राहतो. याला पंट म्हणतात. रेषेवरचा एक गडी वाकून दोन पायांमधून बॉल मागं फेकतो, त्याला स्नॅप म्हणतात. पंधरा यार्ड मागं पंटर उभा असतो, तो झेलतो आणि मारतो. सामन्यात आठ-दहा वेळा होणारी गोष्ट. बरेच प्रेक्षक तेवढ्यात पॉपकॉर्न आणायला जातात.

त्या संध्याकाळी समोर मिशिगन स्टेट हे दुसरं विद्यापीठ होतं, तासाभराच्या अंतरावरचं, भाऊबंदकीतलं. आम्ही 23–21 नं पुढे. 10 सेकंद शिल्लक. चौथा प्रयत्न. पंट मारला की खेळ संपला. त्यांनी मागं झेलायला कुणीही ठेवलं नव्हतं, सगळे पुढं. आम्ही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गाणं सुरू करायच्या बेतात होतो.

स्नॅप खाली आला. पंटरच्या हातात बसला नाही. त्यानं वाकून उचलायला बघितलं, तोवर अंगावर माणसं आली. तशातच मारायचा प्रयत्न केला आणि बॉल उडून सरळ जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात पडला. तो 38 यार्ड पळाला. घड्याळात शून्य झालं तेव्हा तो आमच्या रेषेच्या आत पडलेला होता. 27–23.

मला आठवतो तो आवाजाचा अभाव. लाखभर माणसं आणि कोपऱ्यातल्या हिरव्या कपड्यांच्या टोळक्याचं ओरडणं तेवढं स्वच्छ ऐकू येतंय. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातात किल्ल्या होत्या. त्या तिनं एकेक करून बोटांनी मिटल्या, आवाज होऊ नये म्हणून. आणि त्या शांततेत मी ओरडलो. मराठीत. कोल्हापुरीत. तीच शिवी, तोच हेल, शाहू स्टेडियमच्या गॅलरीतला. गेली आठ-नऊ वर्षं ती माझ्या आत कुठं बसली होती, कुणास ठाऊक.

तिथं ती कळणारा एकच माणूस होता, माझा रूममेट, नाशिकचा. डोक्यावरचे हात तसेच ठेवून त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “अरे, तो पण आपल्यासारखाच बाहेरून आलाय.”

खरंच होतं. तो पंटर ऑस्ट्रेलियाचा. दुसऱ्या एका विद्यापीठातून पदवी घेऊन पुढं शिकायला आणि खेळायला मिशिगनला आलेला. वयानं माझ्याएवढाच. त्याच सामन्यात आधी त्यानं 80 यार्डांचा पंट मारला होता. तो बघून याच घशातून मी ‘नाद खुळा’ ओरडलो होतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याचं नाव कुठंही टाकलं की पहिल्यांदा ते 10 सेकंदच वर येतात. त्यात माझ्या लेखाची भर नको.

दुसऱ्या दिवशी कळलं की त्याला इंटरनेटवरून जिवे मारण्याच्या धमक्या जात होत्या. विद्यापीठाचे तेव्हाचे हंगामी क्रीडासंचालक जिम हॅकेट यांना खुलं पत्र लिहून लोकांना आवरावं लागलं. जिंकून देणाऱ्या वॉट्स-जॅक्सनचंही वाचलं. त्या टचडाऊनच्या ढिगाऱ्याखाली त्याच्या खुब्याचा सांधा निखळला होता, हाडही मोडलं होतं. आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण आणि त्याच रात्री हॉस्पिटल, हंगाम संपला. एक पोरगं इकडचं, एक तिकडचं, दोघं विशीच्या आसपासचे. आणि आमच्यासारखी लाखभर माणसं घरी जाऊन गरम पाण्यानं अंघोळ करून झोपली.

रविवारी आईला फोन केला. मॅच हरलो म्हणून उदास आहे, असं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुणाचं पोर ते?”

आमच्या पेठेत हा प्रश्न सहज विचारतात. म्हणजे घर कुठलं, आई-बाप कोण, आता त्या घरात काय चाललं असेल. मला उत्तर देता आलं नाही. तो कुठल्या गावचा, घरी कोण असतं, हे मी त्या मिनिटापर्यंत कधी मनातही आणलं नव्हतं. शिवी देणाराला ते माहीत नसलेलंच बरं असतं. मग वाटलं, गोलकीपरच्या घरचं तर मला सगळं माहीत होतं. त्याच्या आईच्या हातची आंबील खाल्ली होती. तरी दिलीच की.

शिक्षण संपलं, नोकरी लागली. कास्टिंगचीच, वाहनांच्या इंजिनांची. डेट्रॉइटच्या बाजूला नोव्हायमध्ये घर घेतलं. शनिवार काही सुटला नाही. मिशिगनवाल्याला नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे शेजारच्या ओहायो राज्यातलं विद्यापीठ, ओहायो स्टेट. हे वैर नुसतं खेळातलं नाही. 1835 साली टोलेडोच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायोनं एकमेकांसमोर सैन्य उभं केलं होतं. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला उत्तरेकडचं जंगल मिळालं. इथल्या मित्रांना वाटतं, भारतीय माणसाला हे समजावून सांगावं लागेल. सीमाप्रश्न कोल्हापूरच्या माणसाला काय समजावायचा? त्या आठवड्यात कोलंबसला, त्यांच्या गावी, कॅम्पसवरच्या पाट्यांमधलं प्रत्येक ‘एम’ अक्षर लाल टेपनं खोडतात. आमच्याकडे जुनी माणसं ‘ओहायो स्टेट’ असं पूर्ण नाव घेत नाहीत, नुसतं ‘ओहायो’.

2011 नंतर आम्ही त्यांना हरवलंच नव्हतं. ओळीनं आठ पराभव. 27 नोव्हेंबर 2021 ला बर्फ भुरभुरत होता. पापण्यांवर साचत होता. मी तिकीट काढून गेलो होतो, शेजारी सत्तरीच्या पुढचं एक जोडपं. हसन हॅस्किन्स बॉल पोटाशी धरून घुसत राहिला, पाच टचडाऊन केले. 42–27. घड्याळ संपायला आलं तसे म्हातारबाबा एकदम खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. ते बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होते, नुसतेच. हात थरथरत होते, गाठ बसेना. शेवटी मी हातमोजे काढून खाली वाकलो आणि गाठ मारून दिली. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. मी वर बघितलं तर बाई रडत होत्या. मैदानावर पोरं उतरली होती, हिरवळ दिसत नव्हती. इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय. लग्न, लेकीचा जन्म, आणि ते. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

याच काळात खेळ बदलला. 1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. 2025 पासून तर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरची. त्याला माझा विरोध नाही. उलट इतकी वर्षं त्यांच्या घामावर सगळ्यांनी पैसे केले आणि त्यांना काही मिळत नव्हतं, हे चूकच होतं. पण तेव्हापासून मित्रांच्या बैठकीत एक वाक्य वारंवार ऐकतो, ‘आता पैसे घेतात ना, मग ऐकून घ्यायचं.’ मला हे पटत नाही. फाउंड्रीत पगार घेणाऱ्यालाही कुणी त्याच्या आईवरून बोलत नाही. आणि त्यात भर बेटिंगची. मिशिगनमध्ये 2021 च्या जानेवारीपासून मोबाइलवर कायदेशीर पैज लावता येते. एकेका पोरानं किती यार्ड काढले यावर पैसे लागतात, आणि पैसे बुडाले की लोक त्या पोराला शोधून मेसेज करतात. 2024 मध्ये एनसीएए या कॉलेजच्या खेळांच्या संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी एकेका विद्यार्थी-खेळाडूवरच्या या पैजा बंद करा, अशी राज्यांना मागणी केली. माझ्या ऑफिसात सोमवारी सकाळी ज्या भाषेत त्या पोरांबद्दल बोललं जातं, ती ऐकली की ही मागणी किती योग्य आहे ते कळतं.

1 जानेवारी 2024. रोझ बोल, समोर अलाबामा, जिंकलो तर अंतिम सामना. त्या हिवाळ्यात आई आमच्याकडे होती. गुडघ्यावर शाल, पुढ्यात वाटाण्याच्या शेंगा, सोलता सोलता टीव्हीकडे लक्ष. चार घरची माणसं जमलेली. 20–20 बरोबरी, मिनिटही उरलं नव्हतं. अलाबामानं पंट मारला. आमचं पोरगं झेलायला आपल्याच गोलरेषेजवळ उभं होतं. बॉल त्याच्या हातातून सुटला.

सुटला आणि मागं रेषेकडे घरंगळला. तिथं दुसऱ्या कुणाच्या हाती लागला असता तर सगळं संपलं असतं. खोलीतले सगळे हात डोक्यावर गेले. माझ्या तोंडून निघालं, “धर बाळा, धर, धर!” त्यानं झडप घातली. एक यार्डावर बॉल छातीखाली घेऊन पडला. बॉल आमचाच राहिला.

माझ्या मित्रानं त्या पोराला एक सणसणीत हासडली. आई शेंग हातात तशीच धरून म्हणाली, “असू दे की रे. धरला ना त्यानं?”

जादा वेळेत ब्लेक कोरम 17 यार्ड पळाला आणि टचडाऊन. मग अलाबामाचा शेवटचा प्रयत्न, तीन यार्ड बाकी. त्यांच्या सेंटरचा, म्हणजे बॉल मागं टाकणाऱ्या गड्याचा, स्नॅप खाली गेला, तो घेणारा क्वार्टरबॅक तसाच मधून घुसला आणि आमच्या भिंतीवर अडला. 27–20. लेक सोफ्यावर नाचत होती, कुणीतरी फटाक्यासारख्या टाळ्या पिटत होतं. त्या सेंटरचे स्नॅप सामनाभर बिघडत होते, कॉमेंट्री करणारे तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते. आई त्याच्याकडे बघत होती. “त्यो बॉल टाकणारा,” ती म्हणाली, “त्याला आता घरी जाऊ देतील न्हवं नीट?”

तो अलाबामा सोडून गेला. ओहायो स्टेटमध्ये. माझ्यासारख्याला याहून कडू काय असणार? पण 2024 च्या हंगामात तो खेळला की मी त्याचे स्नॅप बघत बसायचो. एकेक, नीट, छातीच्या उंचीवर. नोव्हेंबरात त्याच्या टाचेमागची शीर तुटली, हंगाम अर्धवट राहिला. तरी डिसेंबरात देशातल्या सर्वोत्तम सेंटरला मिळणारी रिमिंग्टन ट्रॉफी त्यालाच मिळाली. बातमी वाचली तेव्हा मी दुपारचा डबा खात होतो. घास बाजूला ठेवून कोल्हापूरला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, आई झोपायच्या तयारीत. म्हटलं, “आई, तो बॉल टाकणारा आठवतोय? त्याला बक्षीस मिळालं. सगळ्या देशात पहिला.”

तिला लगेच आठवला. थोडा वेळ काही बोलली नाही.

“त्याच्या आईला बरं वाटलं असंल,” ती म्हणाली.